रवंथाचा घास

तीर्थरूप बाबांना थोरलीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. एकटीपुरतं रांधायचा कंटाळा येतो, एवढंच.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मेंढीनं चार दिवस चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. चूक माझीच. मी एकदम दाणा वाढवला आणि तिच्या पोटातले चारा पचवणारे जिवाणूच मेले. धडधाकट मेंढीच्या पोटातलं पाणी काढून हिला पाजायचं, तर नेमकी नळी फुटलेली! मग सरसावल्या बाह्या. शेजारणीच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढला आणि हिच्या तोंडात कोंबला, आपल्या कळपात तुम्ही करायचात तस्सा.

आज ती माझ्या कोटाचं बटण चघळतेय. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "एका घासात कोट्यवधी जिवाणू दिलेस. कुठं शिकलीस गं?"

मला आठवीतली मी आठवले. "शी! त्या हातानं मला वाढू नका," म्हणाले होते. त्यानंतर तुम्ही मला कधी वाढलंच नाहीत.

धाकटी सांगते, तुम्ही हल्ली अर्ध्या ताटावरून उठता. खरं का?

सुट्टीत येतेय. जेवला नाहीत, तर घास कोंबायला मी आता शिकलेय. आणि मला वाढायचं ते तुम्हीच, त्याच हातानं.

तुमची,
थोरली