ताईचं ऑपरेशन आणि गावचा कौल

डोंबिवली (पूर्व),
५ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
विश्रामचा सा. न. वि. वि.

फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितो आहे.

काल तुझी लेक येऊन गेली. उर्वीने सांगितलं की गौरीच्या जेवणानंतर तुला पुन्हा कळ आली, उजव्या बरगडीखालून पार खांद्यापर्यंत, आणि तू डॉक्टरकडे जायचं सोडून ओवा चावून आडवी झालीस. ताई, ही तिसरी वेळ. पहिल्यांदा ॲसिडिटी म्हणालीस. दुसऱ्यांदा सोनोग्राफीत खडे दिसले, पिशवीला सूज दिसली आणि सर्जनने पित्ताची पिशवी काढून टाका असं स्वच्छ सांगितलं. ते जूनमध्ये! तेव्हा म्हणालीस पाऊस कमी होऊ दे. मग गणपती होऊ देत. आता म्हणे पितृपक्षात कोणी पोटाला भोकं पाडून घेतं का. पुढे नवरात्र आहे, मग फराळ आहे. तुझ्या पंचांगात ऑपरेशनला एखादा दिवस असेल तर कळव.

खडा नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंड सुजतं. मग तारीख तुझ्या हातात राहणार नाही. तू एकोणसत्तर वर्षांची आहेस, हे मी सांगायला हवं का?

चिडलो आहे, पण लोभ शाबूत आहे. तूही ठेव.

तुझा,
विश्राम


नौपाडा, ठाणे,
११ सप्टेंबर २०२५

चि. विश्राम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. इतकं दाबून लिहितोस की मागच्या बाजूने बोट फिरवून वाचता यावं. पासष्टी उलटली, आता तरी राग आवर.

मी काही हातावर हात ठेवून बसलेली नाही. माजिवड्याच्या तुळसावहिनींनी उपाय सांगितला होता. चार दिवस सफरचंदाचा रस प्यायले, पाचव्या दिवशी ऑलिव्ह तेल आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी चांगले हिरवे खडे पडले. ते धुऊन बरणीत भरले आणि मोठ्या तोऱ्यात सर्जनकडे घेऊन गेले. त्यांनी एक नखाने दाबून पाहिला आणि सांगितलं की आजी, हा पोटात झालेला तेलाचा साबण आहे, तुमचे खडे जागच्या जागी आहेत. उर्वी रिक्षात घर येईपर्यंत हसत होती. तूही हसून घे.

आता खरं काय ते लिहिते. आपल्याकडे कुठलंही मोठं काम गावच्या देवीला विचारल्याशिवाय झालं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा कौल लावला, तुझ्या नोकरीच्या वेळीही लावला. फक्त तीन वर्षांपूर्वी यांच्या बायपासच्या वेळी लावला नाही. तू म्हणालास, इतका वेळ नाही. खरंच नव्हता. मी सही केली आणि हे टेबलावरून परत आले नाहीत. मी तुला दोष देत नाही. पण या वेळी विचारल्याशिवाय सही करणार नाही. तू गावी जा आणि गुरवाकडून कौल लावून घे. उजवा झाला तर मिळेल त्या तारखेला ऑपरेशन. डावा झाला तर विषय संपला, पुन्हा काढायचा नाही.

तब्येतीला जप. राग कमी झाला की माया वाढायला जागा होईल.

तुझी,
ताई


डोंबिवली (पूर्व),
१७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साबणाच्या गोष्टीला हसलो नाही. नयन हसली. माझी बायको तुझ्याच बाजूची आहे, हे लग्नापासून पाहतो आहे.

देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, आणि आधी उजवी पडते की डावी यावर तुझ्या पोटाचा निकाल! मी तीस वर्षं कारखान्यात माल तपासण्यात घालवली. ज्या पाकळीखाली पाणी जास्त ती आधी घसरणार, हे सांगायला देवी लागत नाही. सोनोग्राफी करणारी बाई डिग्री घेऊन बसली आहे, तिच्यावर तुझा विश्वास नाही.

तरीही गुरवाला फोन केला. तो म्हणतो पितृपक्षात कौल लावत नाहीत, नवरात्रात देवी घटी बसलेली असते, दसऱ्यानंतर या. तू आणि तो मिळून मला वेड लावणार आहात. जाईन. तोवर तळलेलं खाल्लंस तर देवीआधी माझ्याशी गाठ आहे.

असाच लोभ ठेव, आणि तूप ठेवू नकोस.

तुझा,
विश्राम


डोंबिवली (पूर्व),
८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा गावाहून परतलो. कौल उजवा झाला. आता सर्जनची तारीख घे आणि लगेच कळव.

प्रवासाने पाठ धरली आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. लोभ असू दे.

तुझा,
विश्राम


नौपाडा, ठाणे,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. विश्राम यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून किती महिन्यांनी मोकळा श्वास घेतला, काय सांगू! त्याच दिवशी उर्वीला घेऊन गेले आणि तारीख घेतली. गुरुवार, सहा नोव्हेंबर. दुर्बिणीतून करणार आहेत, दोन दिवसांत घरी. सर्जन म्हणाले, आजी, या वेळी बरणी नाही आणली?

पण तुझ्या पत्राला काय म्हणावं? इतक्या लांब गेलास आणि चार ओळी! पाकळी किती वेळाने पडली? गुरवाने गाऱ्हाणं काय घातलं? माझं नाव नीट घेतलं ना? ओटी भरलीस की विसरलास? भाऊबीजेला येशील तेव्हा सगळं बैजवार सांग. चकल्या तुमच्यासाठी केल्या आहेत, मी एकही चाखलेली नाही.

नयनला आशीर्वाद. तुमची माया आहे म्हणून हे सगळं निभावतं आहे.

तुझी,
ताई


डोंबिवली (पूर्व),
४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र उर्वीच्या हाती देतो आहे. तुला ॲडमिट करण्याआधी ते मिळावं.

कौल डावा झाला होता. गुरवाने तीनदा पाकळ्या लावल्या. दोनदा एकही पडली नाही, तिसऱ्यांदा डावी पडली. मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि तिथेच ठरवलं की तुला उजवा सांगायचा. मला पाकळ्यांवर विश्वास नाही, तर अडचण कसली, असं वाटलं. आता महिना झाला, मला धड जेवण जात नाही. विश्वास नसलेला माणूस इतका घाबरतो, हे मला ठाऊक नव्हतं. माझाच मला संताप येतो आहे. भाऊबीजेला तू ओवाळत होतीस तेव्हा सांगणार होतो. तू पाकळीचं विचारलंस आणि मी चकली तोंडात कोंबली.

भाऊजींच्या वेळी घाई मीच केली. तू दोष देत नाहीस म्हणतेस, पण तीन वर्षांत तेच वाक्य किती वेळा म्हणालीस, ते मी मोजलं आहे. आता तुझं काही कमीजास्त झालं तर भाऊजींचं आणि तुझं, दोघांचंही मीच ठरवलं असं होईल. ते मला झेपणार नाही. म्हणून तू सगळं माहीत असून ठरव. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. ऑपरेशन कर.

लोभ ठेव, असं या वेळी हक्काने लिहवत नाही.

तुझा,
विश्राम


नौपाडा, ठाणे,
१० नोव्हेंबर २०२५

चि. विश्राम यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी घरी आले. पोटावर चार छोट्या पट्ट्या आहेत. मऊ भात आणि दुधीचं पातळ सार खाते आहे, ज्याला चव म्हणून नाही. खरे खडे डॉक्टरांनी दाखवले, सात निघाले. एक नळीच्या अगदी तोंडाशी होता.

तुझं पत्र हॉस्पिटलच्या खाटेवर वाचलं. नर्स सहीचा कागद घेऊन उभी होती. असा संताप आला की उठून चपला शोधायला लागले. उर्वी रडकुंडीला आली. मग मला एसटीतला तू आठवलास. बाबांनी बजावलं होतं की कंडक्टरने वय विचारलं तर अकरा सांग, अर्धं तिकीट लागेल. तू सगळ्यांदेखत साडेबारा सांगितलंस आणि बाबांची मान खाली गेली. घरी आल्यावर मार खाल्लास, तरी साडेबाराच म्हणत राहिलास. असा तू, आणि माझ्यासाठी देवीच्या नावाने खोटं लिहिलंस! विश्राम, मी जाईन याची तुला एवढी भीती वाटत होती, हे तुझ्या सगळ्या रागावून लिहिलेल्या पत्रांतून मला कळलं नव्हतं. चपला परत खाटेखाली सारल्या आणि नर्सकडून पेन मागून घेतलं.

देवीला डावं का वाटलं, ते मला माहीत नाही. चालती झाले की जाऊन विचारीन, तूही बरोबर ये.

आणि एक. मी दोष देत नाही असं म्हणत होते, ते खरं नव्हतं. मनातून देत होते. यांना न्यायला उशीर मीच केला होता, दोन दिवस गॅस म्हणून ओवा देत बसले, आणि ते कुणाला सांगता येईना म्हणून तुझी घाई धरून ठेवली. तू घाई केलीस ते बरोबर होतं. हे तुला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

रविवारी जेवायला ये. लोभ ठेव म्हणून मागायची पाळी आता माझी आहे.

तुझी,
ताई