बाबाच्या नावाचा लिफाफा

३ नोव्हेंबर
आधीच माफी मांगून ठेवते. नववीत शाळा सुटली, र्‍हस्व-दीर्घ तवाही जमत नव्हतं. मोबाईलवर मराठी बटनं सापडाले येळ लागते, एक ओळ होयेपर्यंत चहा थंडा. पन तोंडानं मले कोनासमोर बोलता येत नाई, म्हनून इथं.
समता कॉलोनीतल्या ऑफिसात चवथा महिना, काम सगळं हिंदीत. विम्याचे कागद छापाचे, घडी, खिडकीवाल्या लिफाफ्यात टाकाचे, डाक. खिडकीतून फक्त नाव अन पत्ता दिसते. दिवसभर लोकं त्या खिडक्यातून माह्याकडं पायतेत असं वाटते. छापलेला कागद गरम असते. अंगासारखा.

५ नोव्हें.
नव्या जोशी मॅडम आल्या, पुन्याच्या. कागद वाचवाचा म्हने. हे सांगाले भिंतभर चकचकीत पोस्टर. मशीनवाला संतोष भैया इकडच्या बोलीत हळूच म्हने, "नोनी, ये पोस्टर मा हमर हफ्ता भर के कागज निकल जातिस." मले हसू आलं. मॅडमनं पायलं. मेलीच मी.

७ नोव्हें.
काम बदललं. मागच्या खोलीत वापस आलेल्या डाकीचे तीन पोते. एकेक लिफाफा घ्याचा, खिडकीची प्लास्टिकची पन्नी फाडून वेगळी, कागद वेगळा, तो लगदा कराले जाते. अन डाकियानं वरतं काय लिवलं ते रजिस्टरात. तीनच खाने. मृत. घर छोडकर गये. लेने से मना.
मॅडम म्हने, "अगं, नसलेल्या माणसांना आपण वर्षानुवर्षं कागद पाठवतोय. ती नावं काढली तर किती झाडं वाचतील!"
नसलेल्या. घरी येयेपर्यंत तोच शब्द डोक्यात.
पंखा लावला तं पन्न्या उडाल्या सगळ्या खोलीत. वेचत बसली.

१० नोव्हें.
आज लिवूनच टाकते.
बाबा उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमदी होते. दोन दिवाळ्या झाल्या. डबा घेऊन पाळीवर गेले, तिथं पोचलेच नाई. पोलिसात लिवून देल्लं. मोबाईल तवापासून बंद. आई कुंकू लावते.
दर महिन्याले त्यायच्या नावाचा लिफाफा घरी येते. आमच्याच ऑफिसातून. आता तं घडी बी माह्याच हातची. डाकिया गल्लीतून आवाज देते, "विनायक ढोके!" आई आतून म्हनते, "हव, हायेत." दोन वर्षं झाले, हायेत. लिफाफा फोडत नाई. देवाच्या फोटोमागं ठेवते. फोटो आता भिंतीले टेकत नाई.

१२ नोव्हें.
मॅडम माह्याजवळ येऊन, "तू बूढापाऱ्यात राहतेस ना? तिथलं कोणी नसेल आता, तुला माहीत असेल, तर तेही नाव लिही."
रजिस्टर समोर. खोलीत मी एकटी.
लापता असा खानाच नाई. घर सोडून जातीन असे बाबा नव्हते. मंग उरलं काय.
आई मानसाची वाट पायतच नाई आता, लिफाफ्याची पायते. लिफाफा थांबला तं एकदा रडन तरी.
मृत लिववलं नाई. खाना कोरा ठेवून बाबाच्या नावाच्या आधी नुस्तं कै. लिवलं. शाळेत बाईनं सांगितलं होतं, गेलेल्या मानसाले लावतेत. येवढंसं अक्षर अन एक टिंब.
रजिस्टर संतोष भैयाले देल्लं, तो कॉम्प्युटरात चढवते. हात तीनदा धुतले.

२१ नोव्हें.
आई म्हनते, "तू जेवून काहून नाई राहिली व पोरी? ऑफिसात कोनी बोललं का?"
नाई म्हटलं. समोर जोडे ठेवलेले बाबाचे. पुसून.

२ डिसें.
महिन्याच्या डाकीसाठी फिरून मशीनवर. गठ्ठा उचलला, गरम. घडी घालता घालता खिडकीत:
कैप्टन विनायक ढोके.
संतोष भैया मागून, "तोर बाबू फौज मा रिहिस का? बताए नइ अस!"
हिंदीत कै. म्हंजे कैप्टन. मले कसं सुचन.
आता काय सांगू त्याले. "हव," म्हटलं.
मी मारलं त्यायले. ते वरचा हुद्दा घेऊन वापस आले.

५ डिसें.
डाकिया, "अरे कैप्टन साहब!" आई धावत, "हव, हायेत, हायेत!"
मंग लिफाफा पायला. उलटा, सीधा. "हे काहून व?"
चूक झाली म्हटलं, छापन्यात.
"चूक कायची? मोठ्या कामावर लागले असतीन कुठं. म्हनून सुट्टी भेटत नाई."
हा लिफाफा फोटोमागं नाई. फोटोसमोर. शेजारच्या दोघीले दाखवला.
मले वाटलं होतं रडन.

९ डिसें.
जोशी मॅडमनं रजिस्टर अन यादी जुळवून पायली. खोलीत आल्या, दार लोटलं. "हे कै. तू मराठीतलं लिहिलंस ना? कोण तुझे?"
सांगितलं. पयल्यांदा या ऑफिसात येवढं बोलली.
मंग म्हने, "मी नाही काढत नाव. तूही काढू नकोस. फक्त कागद बंद करता येतो, मोबाईलवर जाईल. नंबर आहे?"
पाठ हाये.
संदेश बंद नंबरवर जाईन, तिथंच राहीन, असं वाटलं. कागदही नाई, खोटंही नाई. देल्ला.

११ डिसें.
संदेश गेला. "प्रिय कैप्टन विनायक ढोके, आजपासून आपली सूचना कागदाविना." संतोष भैयाच्या स्क्रीनवर नावासमोर लिवून आलं, पहुँच गया.
म्या म्हटलं, फिरून पाय. त्यानं पायलं. पहुँच गया.
"नंबर कोनो दूसर ला मिल गे होही नोनी. बंद नंबर ला फेर बेच देथें."
हव. असंच असन.

१२ डिसें.
जेवनाच्या सुट्टीत जिन्यात बसली. बाबाचा नंबर काढला, अंगठा बटनावर. दुसरा कोनी बोलला तं? अन दुसरा नसला तं?
आई सकाळी विचारून राहिली होती, पुढचा लिफाफा कवा येईन. कागद बंद झाला हे तिले अजून काही—
सुट्टी संपल्याची घंटी झाली.
अन हो, सामनेवाल्या पिंकी दीदीचं लग्न जमलं. पोट्टा भिलाईचा हाये, लई उंच म्हने.