लेन्सच बिघडलेली असू दे

७ ऑगस्ट

लेन्स पडली! माझ्या हातून, माझ्याच चुकीनं.

तळ्याकडे चढताना घसरणीवर पाय सटकला. मी बसलो, पण खांद्यावरची पिशवी बसली नाही – दगडादगडावर आपटत खाली गेली. कॅमेरा वेगळ्या कप्प्यात होता, त्याला काही झालं नाही. लेन्सच्या पुढच्या काचेला मात्र कडेशी तांदळाएवढा टवका. बाहेरची कड चेपली आहे, टोपण बसत नाही. फिरवायची रिंग एका जागी अडते, मग कुरकुरत पुढं जाते. आत काही सुटलं का म्हणून कानाशी धरून हलवली. काही कळेना.

तरी वर गेलो. खडकात ओतलेल्या लोखंडी खांबावर कॅमेरा बसवला, खुणेला खूण लावली, तळ्याचा फोटो काढला. चौदा वर्षं दर ऑगस्टात हेच करतो. 

८ ऑगस्ट

सवसनला माझा सोललेला गुडघा दिसला. "वय झालं, काठी घे आता," म्हणाली. बायकोपासून मी सहसा काही लपवत नाही. लेन्सचं बोललो नाही.

१२ ऑगस्ट

खोरोग शहरातल्या स्टुडिओतून मोठा फोटो छापून आला. गाडीवाल्यानं गुंडाळी हातात दिली. तोही मला सगळ्यांसारखा अका, थोरला भाऊ, म्हणतो. "काय अका, तळं हसतंय का रडतंय?" दरवर्षी हेच विचारतो, दरवर्षी स्वतःच हसतो.

घरी येऊन दार लावून घेतलं. खिडकीच्या काचेवर फोटो, त्यावर ट्रेसिंगचा जुना कागद. पहिल्या वर्षीच्या फोटोवरून मीच त्यावर रेघा ओढल्या होत्या – उजवीकडचा कडा, मधली काळी भेग, पाण्याचा काठ, आणि डावीकडे बांधावर बसलेली म्हातारी. बांध म्हणायचं आपलं. बर्फ मागं सरकला तेव्हा त्यानं टाकून दिलेला दगडमातीचा ढिगारा तो. त्याच्या आड अख्खं तळं थोपलंय. आणि म्हातारी म्हणजे त्यावरचा घराएवढा पांढरा दगड, उकिडवं बसलेल्या बाईसारखा.

कडा जुळला. भेग जुळली. म्हातारी जुळली नाही! आपली रेघ सोडून खालच्या अंगाला, तीन मिलिमीटर.

कागद काढून पुन्हा लावला. पुन्हा तीन.

चौदा वर्षांत ती एकदाही रेघेबाहेर आली नव्हती. कागद तिसऱ्यांदा लावायला उचलला. मग आठवलं – लेन्स! अरे, लेन्स पडलीय ना! काच आत तिरकी झाली असणार. म्हातारी हलेल कशाला? हलली ती काच.

केवढं हायसं वाटलं. स्वतःच्या चुकीनं इतकं हायसं वाटल्याचं मला आठवत नाही.

१३ ऑगस्ट

फोनला रेंज फक्त शाळेच्या छपरावर मिळते. तिथून राजधानीत, दुशान्बेच्या तळ्यांवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसात मुनिराला फोन लावला. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची आहे, पण या तळ्यांचं तिला सगळं कळतं. पडल्याचं खरं सांगितलं. वाटलं होतं रागावेल.

"तुम्हाला लागलं नाही ना, अका? मग झालं. जुनी राहू द्या. मी नवी पाठवते."

म्हटलं, "दुरुस्त नाही होणार?"

"होईल, पण कशाला? यंदाचं वर्ष पहिलं धरू. नवी लेन्स, नवा कागद, नव्या रेघा."

म्हातारीचं सांगितलं. तिनं मिलिमीटर विचारून घेतले. मग म्हणाली, "पडलेल्या लेन्सचा फोटो आहे तो, अका. बांध तपासायला हेलिकॉप्टरनं माणसं पाठवा म्हणून मी वरच्यांकडे हा फोटो घेऊन गेले, तर ते आधी लेन्सच विचारतील."

बरोबर आहे तिचं. अगदी बरोबर आहे.

१५ ऑगस्ट

शोदमोन आला होता. माझा भाऊ, नऊ वर्षांनी धाकटा. आई गेल्यावर माझ्या पाठीवर वाढला. ओढ्यालगतच्या सपाटीवर घर बांधतोय. माझं घर डोंगरउताराच्या वरच्या पायरीवर, वडिलांनी बांधलेलं, तिथं दुसऱ्याला जागा नाही. आणि खाली माती चांगली, पाणी दाराशी. खांबांसाठी पाच पॉपलर तोडून आणलेत, सोलून ठेवलेत. बायकोला दिवस गेलेत, थंडीच्या आत छप्पर हवं म्हणतो.

लोणी-मिठाच्या चहात भाकरीचा तुकडा बुडवता बुडवता म्हणाला, "दुकानात फोटो कधी लावतोयस, अका? अख्खं गाव विचारतंय. म्हातारी बसलीय ना जागेवर? का सासरी गेली?"

मी म्हटलं, "अजून छापून आला नाही."

फोटो त्याच्या पाठीमागं फडताळावर होता.

१६ ऑगस्ट

सकाळच्या दुआत खोटं बोलल्याची माफी मागितली. त्याच दमात दुसरंही मागितलं – लेन्सच बिघडलेली असू दे. असं मागता येतं का? जे होऊन गेलंय ते बदल म्हणून?

१९ ऑगस्ट

पाटाचं तोंड साफ करायला जायचंच होतं, तसाच पुढं तळ्यापर्यंत गेलो. पाटकरी असण्याचा एवढा एक फायदा – मी वर का गेलो असं कोणी विचारत नाही. म्हणूनच तर चौदा वर्षांपूर्वी ऑफिसवाल्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात टाकला. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातलं तळं फुटलं होतं. मावशीचं गाव. आम्ही मदतीला गेलो तेव्हा मदत करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. चिखल, आणि चिखलात उभं एकच जर्दाळूचं झाड, फळांसकट.

म्हातारीपाशी गेलो. हात लावला. जवळून ती म्हातारी नसतेच, नुसता दगड. बुडाशी माती ओली होती. ती नेहमीच ओली असते का? चौदा वर्षं मी समोरून, लांबून बघत आलो. बुडाशी कधी वाकलोच नव्हतो. मोजणार तरी कुठून कुठवर? इथं सगळंच दगड, कुठला जागचा आणि कुठला आलेला कोण सांगणार!

खांबावरून त्याच पडलेल्या लेन्सनं दुसरा फोटो काढला. खांब हलवून पाहिला – हलत नाही.

२३ ऑगस्ट

दुसरा फोटो आला. तीन मिलिमीटर. तीनच! वाढलं नाही. दगड सरकत असता तर वाढलं असतं. लेन्सच, दुसरं काय.

पण एकदाच सरकून थांबला असेल तर?

हे लिहायला नको होतं.

२५ ऑगस्ट

नवी लेन्स आली. डब्यात डबा, त्यात थैली, त्यात ती. रिंग लोण्यासारखी फिरते. ओढ्यापलीकडच्या बकऱ्यांचा फोटो काढून पाहिला, शिंगांवरची वळी मोजता येतात. मुनिराचा निरोप: "लगेच वर जाऊन पहिला फोटो काढा. यंदा शून्यापासून सुरुवात."

जुनीचं काय करू, विचारलं. "शाळेला द्या. मुलांना खेळायला होईल."

२८ ऑगस्ट

नव्या लेन्सनं काढलेला तळ्याचा फोटो छापून आला, दुकानाच्या खिडकीत लावला. काय स्वच्छ दिसतो! पाणी निळंशार. बायका जमल्या. दुकानदारीणबाईंनी बरोबर विचारलं, "अका, रेघांचा कागद कुठाय?"

"लेन्स बदललीय. जुना कागद तिला बसत नाही. पुढच्या वर्षीपासून नवा."

"म्हणजे यंदा म्हातारी कुठं बसलीय ते कळणारच नाही?"

मी काही बोलायच्या आत शोदमोनच म्हणाला, "अकानं लावलाय म्हणजे ठीकच असणार. काही असतं तर सांगितलं नसतं का त्यानं?" सगळे माना डोलावून आपापल्या कामाला गेले. जर्दाळू छपरावर वाळत होते, ते उलटायचे होते.

३० ऑगस्ट

शोदमोननं मेंढा कापला. पायाचा पहिला दगड घरच्या वडील माणसानं ठेवायचा. म्हणजे मी.

ठेवला.

सगळे म्हणाले, हात मुबारक असो. भावजय पोटावर हात ठेवून हसत उभी होती. मी माझा वाटा शेजारच्यापुढं सरकवला. सवसन कानाशी येऊन म्हणाली, "भावाच्या आनंदात असं तोंड करतात? लोक म्हणतील जळतोय." घरी आल्यावर तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती चहाचा वाडगा हातात धरून ऐकत बसली, प्यायली नाही.

मग म्हणाली, "तुला कळून घ्यायचंय का नाही, एवढं सांग."

३१ ऑगस्ट

दिवसभर तिचा प्रश्न घेऊन पाटाकडेनं फिरलो.

खरं म्हणजे ऑफिसनं मला चुकीचं काही सांगितलं नाही. मोडकी वस्तू टाकून नवी घ्यावी, सगळं जग तेच करतं. पण मी नवी घेतली ती चांगली दिसावं म्हणून नाही. नवीला मागचं काही ठाऊक नाही, म्हणून घेतली. तिच्यापुढं म्हातारी आत्ताच येऊन बसलीय. जुनी मात्र चौदा वर्षं बघतेय. तिला विचारलं तर ती सांगेल, आणि तेच मला नको आहे. मी दुआत जे मागतो त्याचं उत्तर या टवका गेलेल्या काचेत आहे, आणि मी ती पोरांना खेळायला देणार होतो!

खोरोगच्या बाजारात उस्ताद इमोमदोद बसतात – घड्याळं, दुर्बिणी, कॅमेरे. फ्लॅनेलच्या तुकड्यांत, वरून माझ्या जुन्या सदऱ्यात लेन्स गुंडाळली. बरोबर चिठ्ठी लिहिली: 'उस्ताद, ही दुरुस्त करा. पण उघडण्याआधी तपासा. आपटल्यामुळे काच आत तिरकी होऊन डाव्या बाजूचं चित्र सरकतं का, एवढं सांगा. दुरुस्तीपेक्षा मला ते हवंय.'

१ सप्टेंबर

गाडीवाल्याच्या हाती दिली. "यात काय, सोनं?" म्हणाला. मी म्हटलं, मांडीवर ठेव, मागं टाकू नकोस.

३ सप्टेंबर

छपरावरून फोन केला. उस्ताद खो खो हसले. "लोक मोडकी आणतात आणि चांगली करून मागतात. तुम्ही पहिलेच, मोडकीच आहे असं लिहून मागणारे! बायकोशी पैज लावलीय का?"

म्हटलं, "तसंच समजा."

"काय जिंकायचंय?"

कधी होईल, मी विचारलं. चार दिवसांनी फोन करा म्हणाले, आधी तीन घड्याळं आहेत.

तीन घड्याळं!

४ सप्टेंबर

ओढा दुपारी गढूळ आला. संध्याकाळी निवळला. वर कुठंतरी दरड पडली असेल. असं होतं.

५ सप्टेंबर

शोदमोनच्या भिंती गुडघ्यापर्यंत आल्या. मला बघून ओरडला, "अका, नुसता उभा काय राहतोस, चिखल तरी दे!" दिला. तासभर त्याच्या हाताखाली चिखल दिला. म्हटलं, सांगावं का? काय सांगू – एक लेन्स कदाचित मोडली आहे, कदाचित नाही? थंडीच्या तोंडावर गरोदर बाईला तंबूत काढायचं, ते कदाचितवर?

आणि नाही सांगितलं तेही कदाचितवरच.

तोंडानं दुआ चालू होती. शोदमोनला वाटलं मी त्याच्या घरासाठी म्हणतोय. त्यानंही हात पुसले आणि 'आमीन' म्हणाला.

६ सप्टेंबर

आज काही मागितलं नाही. नुसता बसलो.

७ सप्टेंबर

दुपारी उस्तादांशी बोललो. उघडण्याआधी त्यांनी बाजारामागच्या विटांच्या भिंतीचा फोटो काढला. कड सरळ करून, रिंग साफ करून, काचा काढून नीट बसवून पुन्हा काढला. दोन्ही एकावर एक ठेवले. वीट न् वीट जुळते. "काच जागची केसभरही हलली नाही, अका. पैज हरलात, पण लेन्स वाचली. मुबारक! नवी घ्यायची गरजच नव्हती."

तिथूनच मुनिराला फोन केला. तिनं उस्तादांचे शब्द पुन्हा एकदा सांगायला लावले. मग विचारलं, "अका, खालच्या सपाटीवर घरं किती?"

अकरा, म्हणालो. खाली शोदमोनच्या भिंतीवर ठोकायचा आवाज चालला होता.

बारा, म्हणालो.