न जन्मलेल्या कुत्र्याची बातमी

ता. ९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहून गेले आहे, त्यामुळे किती लागू पडतील ते सांगता येत नाही.

तुझा मेल मिळाला. मी फोन उचलत नाही म्हणून इतका लांबलचक लिहिलास, आणि तोही शुद्ध भाषेत! घाबरलास की तुझं व्याकरण सुधारतं, हे लहानपणापासूनचं आहे.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा दुखतो, गच्चीवरची टाकी गळते, आणि प्लंबर 'निघालोच' म्हणून जो निघालाय तो अजून वाटेत आहे. तुझे दाजी बरे आहेत. कुंड्यांना पाणी घालतात, दिलेलं जेवतात. दवाखान्याचं विचारलंस, त्याविषयी पुढे लिहिते.

आधी अभिनंदन. मोठ्या कंपनीत 'विश्वासार्हता प्रमुख'! हे वाचताना चहा नाकात गेला. पण नेमणूक अडली म्हणतोस, कारण तुझ्या जुन्या भाषणाची आमच्या गल्लीच्या साइटवरची लिंक त्या लोकांना मिळाली. 'ताई, तेवढं काढून टाक, माझं करिअर संपेल.'

संपणं म्हणजे काय ते आधी बोलू.

त्या भाषणात तू गिऱ्हाइकांना दाखवत होतास, की कुठलीही गोष्ट सर्चमध्ये सगळ्यात वर कशी नेता येते. त्यासाठी नमुना हवा होता. खोट्या दवाखान्याचा पत्ता सर्च इंजिन ओळखत नाही, म्हणून तू खरा घेतलास, आमचा. 'दाजींचा दवाखाना कोण शोधतंय!' असं स्टेजवर म्हणालासही, आणि सभागृह हसलं. मग तू बातमी रचून नेटवर एका पानावर टाकलीस, की या जनावरांच्या डॉक्टरांनी चुकीचं इंजेक्शन दिलं आणि कुत्रा दगावला. कुत्र्याला तपकिरी रंग दिलास, एक कान पडलेला दिलास. जन्माला न आलेल्या प्राण्याचं इतकं कौतुक कुणी केलं नसेल.

टाळ्या वाजल्या. तू पान पुसलंस आणि जेवायला गेलास. तोवर दहा ठिकाणच्या रिकामटेकड्यांनी ते उचललं होतं, आणि त्यांच्यावरून सर्चने स्वतःचं उत्तर तयार केलं होतं. दवाखान्याचं नाव टाकलं की पत्त्याच्याही वर, सुबक चौकटीत, तो कुत्रा रोज मरायचा.

मी फोन केला होता, आठवतं?

"अगं ताई, मूळ पान मी केव्हाच काढलं."

"मग हे दिसतंय काय?"

"त्या कॉप्या आहेत. त्यांचं मी काय करणार? सर्चवाल्यांकडे तक्रार कर ना. सोपं असतं गं."

केली. उत्तर आलं की ही माहिती अनेक स्रोतांशी जुळते. अनेक स्रोत! तू एकटा, आणि तुझेच प्रतिध्वनी.

एक बाई मुलीला आणि तिच्या सशाला घेऊन आली. दारात थांबली, फोन पाहिला, 'चुकून आलो' म्हणाली आणि वळली. सशाला टोपलीत घालून कुणी चुकून येत नाही, बारक्या.

मग मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवालीकडे गेले. ती म्हणाली, "काकू, सगळी गल्ली एकाच माणसाला पत्ता विचारते, तर तो सांगेल तिथेच जाणार ना?" तिथे सायकलवाला बसला होता. त्याचं दुकान सर्चमध्ये 'कायमचं बंद' आहे. "मी आत बसून ते वाचतो," म्हणाला, "आणि मलाच शंका येते." केमिस्टची वेगळी रड होती, शाळेच्या बाईंची वेगळी. मग त्या दुरुस्तीवालीने जुनी मशिनं दुरुस्त करून प्रत्येकाकडे एकेक बसवलं, तीच आमच्या गल्लीची साइट. ज्याचं पान त्याने लिहायचं, आणि बाकीच्यांच्या पानांची प्रत आपल्याकडे ठेवायची. मालक कुणी नाही. रखडत चालतं, आणि भांडणं तर विचारूच नकोस. तिथेही थापा मारता येतात. पण कुणी मारली ते कळतं, आणि तो माणूस सकाळी दूध घ्यायला रांगेत भेटतो. तुमच्या त्या चौकटीला कधी दूध आणायला जावं लागत नाही.

तुझं भाषण मी तिथे ठेवलं. चोरलेलं नाही. 'बघ ताई, लोक किती हसतायत' म्हणून तूच पाठवलं होतंस. एक शब्द कापला नाही, एक जोडला नाही. आणि त्या कंपनीला लिंक कुणी पाठवली म्हणून तू तीन ओळी संशय घेतला आहेस. संशय कशाला? मीच पाठवली.

दाजी म्हणाले, "काढून टाक. आपलाच आहे तो." मी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी दवाखान्यातल्या त्यांच्या मशीनवरून पुसलं. त्यांचं मशीन, त्यांची मर्जी. भाषण त्यांनी पाहिलंही नाही. 'पोराची फजिती कशाला बघायची' म्हणाले.

आता दवाखान्याचं. हे लिहायचं नव्हतं.

एका दुपारी ते औषधांच्या कपाटासमोर उभे होते. बाटल्या उचलून लेबलं वाचत होते. म्हणाले, "तपकिरी, एक कान पडलेला... आपल्याकडे आला होता का गं तसा?" मी म्हटलं, "अहो, तो बारक्याने मनाने रचलाय." तर म्हणाले, "तो उगाच कशाला लिहील? कुणाकडून तरी ऐकलं असेल. माझ्याच लक्षात नसेल." तेव्हापासून सिरिंज हातात घेतली की त्यांचा हात थांबायचा. दवाखाना लोकांनी बंद पाडला नाही. लोक हळूहळू परत आले असते. त्यांनीच बंद केला.

माझं पटत नाही त्यांना. 'तू बायको, तू असंच म्हणणार.' तुझ्यावर मात्र अजून विश्वास आहे. म्हणजे ती नोकरी तुला शोभते खरी.

तेव्हा तू इथे ये. मेल नको, फोन नको. केमिस्ट, सायकलवाला, शाळेच्या बाई, सगळ्यांच्या दुकानात आणि दारात उभा राहून 'पुसा' म्हण. ज्याला वाटेल तो पुसेल. पण त्याआधी घरी ये, दाजींसमोर बस आणि तोंडाने सांग की तसा कुत्रा नव्हताच. ते तुला चहा विचारतील, पाठीवरून हात फिरवतील, लगेच माफही करतील.

माझ्या मशीनवरचं भाषण त्यानंतरही राहील.

तुझी,
अजून तरी सख्खी,
ताई