दुतोंडी वायर

१२ नोव्हेंबर
लाकूड फोडायचं यंत्र, शेगडीचं धुराडं, बोटीचा तळ आणि ही फळी, जिच्यावर वही टेकवून लिहितोय: सगळं माझ्या हातचं. आता घरही माझं झालं, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, नदीकाठी. आज सामान उतरवलं. शेजार एकच, म्हातारा रोझेर पेल्की आणि त्याची मुलगी कोरिन. पोरगी वीज कंपनीत खांबावर चढते म्हणे. डोक्यावर लाल हेल्मेट, त्यावर हातानं रंगवलेलं पिवळं फूल. कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि मेपलचा पाक घेऊन आली. धिरडी जाड होती, पण खाल्ली.

२० नोव्हेंबर
जनरेटर उघडला. आत तारेच्या दोन गुंडाळ्या, प्रत्येकी एकशे वीस व्होल्टच्या. कारखान्यातल्या पदवीधरांनी त्या एकापुढे एक जोडून दोनशे चाळीस काढलेत, त्यामुळे माझ्या एकशे वीसच्या पंपाला निम्मीच ताकद. अर्धं यंत्र उपाशी ठेवायचा हे लोक पगार घेतात! मी दोन्ही शेजारी शेजारी जोडल्या, दिशा तपासून. (दिशा चुकली की गुंडाळी जळते. हे पुस्तकातून कळत नाही, एक जाळावी लागते.) आता सगळी ताकद एकशे वीसमध्येच. मग दोन्ही टोकांना पिना असलेली जाड वायर केली: एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. घर लख्ख.

२२ नोव्हेंबर
कोरिननं ती वायर पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, मर्लकाका, हा दुतोंडी साप घरात पाळू नका. मेन स्विच चालू राहिला तर तुमची वीज उलटी बाहेर जाईल, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचे हजारो व्होल्ट होतील, आणि वर मी असेन. स्विचला अडसर बसवून देते म्हणाली. मेन पाडल्याशिवाय जनरेटर जोडताच येणार नाही. मी सुनावलं, आधी मेन पाडायचा, मग वायर, मग इंजिन, एवढं माझ्या ध्यानात राहतं. अडसर गुरांना लागतो. तिच्याबरोबर आलेला रोझेर फिसकन हसला. म्हणाला, गुरं ऐकतात तरी, बाबा.

९ जानेवारी
गोठणारा पाऊस. दुपारी वीज गेली, पंप थांबला, तळघरात पाणी चढू लागलं. धावत जाऊन वायर लावली, दोरी ओढून इंजिन सुरू केलं. पाणी उतरलं. सगळा रस्ता अंधारात, फक्त माझं घर झगझगीत. पदवीधरांनी येऊन बघावं.

१० जानेवारी, सकाळ
जनरेटरवरचा भाराचा काटा जास्त दाखवतोय. घरातलं एकेक बंद केलं. तरी जास्तच. पेल्कीच्या खिडकीत दिवा आहे, लालसर, आजारी. त्यांच्याकडे जनरेटर नाही. माझीच वीज ओढतायत, फुकटे! जाब विचारायला गेलो. दाराला कुलूप. म्हातारा कालच बहिणीकडे गेलाय, कोरिन कामावर. पायरीवरच्या बर्फात पाऊलसुद्धा नाही. आत दिवा मात्र माझ्या इंजिनाच्या तालावर कमी-जास्त होत होता.

दुपार
वळणावर वीज कंपनीची गाडी दिसतेय, माणूस उभा राहून तारेवर काम करतो तो पाळणा वर चढवलेला. आले एकदाचे. मी इंजिन थांबवून सगळी जोडणी पुन्हा तपासली. निर्दोष. चूक माझी नाही. पुन्हा दोरी ओढली. काटा एकदम उडाला, इंजिन गुदमरलं, मग सावरलं.
पाळण्यात कुणी हलत नाहीये —

नंतर
इंजिन बंद केलं. मेन स्विच पाहिला. चालू. मी पाडला होता. आधी पाडला, मग वायर — नाही. पाणी चढत होतं, आधी वायर —
वीज कंपनीला फोन केला. ते म्हणाले, तारेजवळ जाऊ नका, घरातच थांबा.
पाळण्याच्या कडेवर हेल्मेट टेकलंय. लाल. फूल इथून दिसतं.

इंजिन बंद आहे. वायर उपसून माझ्या मांडीवर ठेवलीय. तरी काटा हलतोय. सावकाश, ठोक्यासारखा. पेल्कीच्या खिडकीतला दिवा विझत नाही —
मजुरी नको म्हणाली होती. शेजारी म्हणून रविवारी येऊन अडसर बसवते, काका, फक्त सामानाचे द्या. एकशे ऐंशी डॉलर. एकशे ऐंशी, आणि मी तिला —