वाया पाण्याचा नळ

आदिनाथा,

बहात्तर साली मी लग्न होऊन बोरीत आले, तेव्हा हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरावं लागायचं. त्यामुळंच असेल, परवा आपल्या आरोच्या प्लांटवर एकटी बसले असताना नाल्यात चाललेलं खारं पाणी बघवेना, म्हणून त्या पाण्याचा नळ मीच बंद केला. त्यानं क्षार साचून आतलं पाणी गाळणारं मेम्ब्रेन चोंदेल, हे मला ठाऊक नव्हतं.

पण तू सविताला म्हणालास, "तू न्हाई तर काय भुतानं बंद केला?" तेव्हा मी दारातच तांदूळ निवडत होते. ती म्हणाली, "तुमच्या आईला इचारा की." त्यावर तू आणखीच भडकलास, "आईला कशाला मधी आणायलीस?" मी मान वर केली नाही. सविता पिशवी भरून माहेरी निघून गेली, तरी केली नाही.

आज नवं मेम्ब्रेन बसवशील. मिस्त्रीचा निरोप आहे: तो नळ पूर्ण उघडा ठेवून मोटार लाव, दाब हळूहळू वाढव, आणि सुरुवातीचं पाणी ओतून दे, कुणाला पाजू नको. नंतरच्या खाऱ्या पाण्यासाठी नाल्याशी ड्रम ठेवलाय, फरशी धुवायला होईल. नळाला मी पुन्हा हात लावणार नाही.

सकाळच्या एसटीनं देवगाव फाट्याला, सविताच्या माहेरी निघालेय. भाकरी दुरडीत आहेत. ती माझ्यासोबत आली नाही, तर उद्या तू जा. तोवर तिकडं फोन करू नको. तिच्या आईवडिलांना हे माझ्या तोंडून ऐकू दे.

आई