पगारपत्रकातली माझी ओळ

आबा,

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजातले पगार विभागाचे क्लार्क निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं एक घड्याळ आणि डायरेक्टरांचं भाषण, ज्यात त्यांचं आडनावही चुकलं. सगळे बटाटेवडे खाऊन पांगल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवलीय. तुमचे वडील एकदा इथे आले होते." तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली. आमचे आबा माझं कॉलेज बघायला म्हणून कधी उरणला आले नाहीत, अशी तक्रार मी एवढी वर्षं आईपाशी आणि ज्याच्या त्याच्यापाशी करत आलेय. आता ती तक्रार कुठे ठेवू, ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्या गावच्या, तळ्याच्या हायस्कुलातलं तुमचं ऑफिस मला अजून दिसतं. मी आठ वर्षांची आहे, तुमच्या टेबलाच्या कडेला बसून पेरू खातेय. आज पगाराचा दिवस. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेलं लांबलचक पगारपत्रक टेबलावर उघडं पसरलंय. प्रत्येकाचं नाव, पद, मूळ पगार, भत्ते, कपात आणि शेवटच्या रकान्यात हातात येणारी रक्कम. नजर घसरू नये म्हणून तुम्ही स्टीलची फूटपट्टी एकेका ओळीखाली सरकवत नेता. तुमचा एक नियम होता, ज्याचा पगार सगळ्यांत कमी त्याची सही पहिली. शिपाई आधी, हेडमास्तर शेवटी. हेडमास्तरांना ते रुचत नसे, पण पत्रक तुमच्या ताब्यात. त्या दिवशी नव्याने लागलेल्या एका मास्तरांनी सही करताना डाव्या हाताने आपला आकडा झाकला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात काढा मास्तर, पगार काय चोरीचा हाय?" मी खुदकन हसले. घरी येताना त्याबद्दल मलाच बोलणी बसली. "हसायचं न्हाय बाय. माणूस झाकतो तवा त्याला कायतरी टोचत असतं."

पद सांगा, नोकरीची वर्षं सांगा, मी पगार सांगतो, अशी तुमची फुशारकी होती, आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा तुम्ही ती खरी करून दाखवायचात. मराठीचा मास्तर आणि गणिताचा मास्तर, दोघांची वर्षं सारखी तर पगार सारखा. तुमच्या जगात तसंच होतं. मला एमबीएच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. ती फूटपट्टी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तुझी ओळ तू सांभाळ." मी ती अजून वापरते. मात्र आमच्याकडे पत्रक टेबलावर पसरत नाहीत. असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर या पायऱ्या दाराबाहेरच्या पाटीपुरत्या. खरा पगार डायरेक्टरच्या केबिनमध्ये, दार लोटून, ज्याचा त्याच्याशी ठरतो. फायनान्सवाल्याचा एक भाव, मार्केटिंगवाल्याचा दुसरा. मी शिकवते बिझनेस कम्युनिकेशन, म्हणजे मुलांनी पत्रं कशी लिहावीत ते. माझ्यानंतर चार वर्षांनी फायनान्सला एक मुलगा लागला, त्याला माझ्या दुपटीहून जास्त मिळतं असं कानावर आलं, तेव्हा हिंमत करून विचारायला गेले. डायरेक्टर हसून म्हणाले, "मॅडम, त्याला उद्या एखादी बँक उचलून नेईल. तुम्हाला कोण नेणार?" मी पण हसले. काय करणार?

पुढे तपासणी समिती यायची होती आणि कागदावर एक असोसिएट प्रोफेसर कमी पडत होता. त्या जागी मला केलं. पत्र मिळालं, पगाराचं नंतर बघू म्हणाले. ते पत्र घेऊन मी तळ्याला आले, कारण मलाही कोणाला तरी दाखवायचं होतं. तुम्ही चष्मा लावून ते दोनदा वाचलंत. मग एका लग्नपत्रिकेची पाठ घेऊन, आयुष्यभर केलं तसं, मूळ पगारापासून आकडे मांडत गेलात. आई ओले हात पदराला पुसत मागे येऊन उभी राहिली. खालची बेरीज माझ्या पगाराच्या तिप्पट होती. "बरोबर हाय ना गं?" तुम्ही विचारलंत. तुमचा चेहरा असा होता, आबा, की मला नाही म्हणवेना. म्हटलं, "हो, साधारण तेवढाच." पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तुम्ही उभं राहून सगळ्यांना ते सांगितलंत. आकड्यासकट. मी तिथे खाली मान घालून बसले होते आणि बायका म्हणत होत्या, बघा पोरगी किती साधी राहिली.

दोन वर्षांनी पनवेलच्या डॉक्टरांनी तुमच्या हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. मी फोनवर ठणकावून म्हणाले, "पैशांचं बघू नका, मला पगार आहे." पतपेढीतून कर्जाचे कागद आणून भरूनही ठेवले होते. तुम्ही आधी बरं म्हणालात, मग पुन्हा तपासणीला म्हणून एकटेच पनवेलला जाऊन आलात आणि त्यानंतर एकच धोशा लावलात, "न्हाय करायचं. मला सुरीची भीती वाटते." आईने समजावलं, मी समजावलं, शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, "अख्ख्या शाळेला दरडावलंत आणि आता घाबरता? भित्रे आहात तुम्ही." तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "व्हय गं बाय. भित्राच हाय मी." पाच महिन्यांनी तुम्ही गेलात. तो शब्द मला तेव्हाही सलला, पण माणूस घाबरला तर आपण काय करणार, अशी मी मनाची समजूत घातली.

क्लार्क म्हणाले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस दुपारी येऊन खिडकीशी उभा राहिला. तळ्याहून माणगाव, मग पनवेल, तिथे डॉक्टर, आणि तिथून उरण, तेही दुखऱ्या छातीने. "मीबी जल्मभर पगारपत्रकच केलं साहेब. एकच ओळ बघायची हाय. लेकीला सांगू नका." क्लार्कना वाटलं, कौतुकाने आलेत. त्यांनी पत्रक पुढे केलं. तुम्ही माझ्या ओळीवर बोट ठेवून शेवटच्या रकान्यापर्यंत नेलंत. परत सुरुवातीला येऊन पुन्हा नेलंत. मग वरच्या ओळीकडे बघून विचारलंत, "हा पोरगा हिच्या आधीचा?"

"नाही, मागाहून आलेला."

"मग?"

"तो फायनान्सचा."

चहा मागवला होता, तो तुम्ही अर्धा ठेवलात. जाताना म्हणालात, "माझी पोर मेहनती हाय हो." वरच्या मजल्यावर तेव्हा माझा वर्ग चालू होता. तुम्ही जिना चढला नाहीत.

म्हणजे भीती सुरीची नव्हती. माझ्या ओळीला ते ऑपरेशन पेलणार नाही, हे तुम्ही तिथेच ताडलंत आणि माझ्या थापेचा मान राखायला स्वतःला भित्रा म्हणवून घेतलंत. आई सांगते, त्यानंतरही कोणी विचारलं की तुम्ही तोच लग्नपत्रिकेवरचा आकडा सांगायचात. मी त्या दिवशी त्या लग्नपत्रिकेवरच्या बेरजेपुढे एक वाक्य खरं बोलले असते, तर आपण तिघांनी बसून कर्जाचा विचार केला असता. भांडलो असतो, पण केला असता. फार वाईट वाटतं, आबा. दुसरा शब्द सुचत नाही.

गेल्या वर्षी मला प्रोफेसर केलं. पुन्हा समितीसाठीच. आज ठरवून बसले होते, की माझा खरा पगार, तेव्हाचा आणि आताचा, तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहून सांगायचा. तुम्ही पाहिलेला असला तरी माझ्याकडून. ओळी सरळ याव्यात म्हणून तुमची पट्टी खाली धरलीय. या पत्रात वर तीनदा त्याची वेळ आली आणि तीनदा मी पुढे सरकले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, ते कोणी वाचणार नाहीये, खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. तरी आकड्यासाठी सोडलेली जागा कोरीच आहे, आणि आत्ता लक्षात आलं, तिच्यावर मी डावा हात ठेवलाय.